कुंपणाशी तरवड

मलकपेठ, हैदराबाद
१८ सप्टेंबर १९९५

चि. वंदना हीस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. एकाच शहरात राहून लेकीला टपालाने पत्र धाडणारा बाप तू पहिल्यांदाच पाहत असशील. कोपऱ्यावर एस.टी.डी.चं दुकान झालंय, पण मागे चार माणसं ताटकळत असताना हे बोलणं मला जमणार नाही.

कारखान्याने जूनमध्ये मला स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी. आता दिवसभर मी तुझ्या आईला भाजी कशी चिरायची ते शिकवतो, आणि ती मला बाहेर फिरायला पाठवते.

डॉक्टर म्हणाले, साखर वाढली आहे. शेजारच्या यादगिरींनी लगेच उपाय सांगितला, "तंगेडू के फूलां सुखा के काढा पियो साब." तंगेडू म्हणजे आपला तरवड. देगलूरकडे बांधावर माजतो, शेळीसुद्धा तोंड लावत नाही, म्हणून आपणही कधी किंमत केली नाही. म्हटलं, औषधाला विकत कशाला घ्यायचा? आणि काल कुकटपल्लीच्या आपल्या प्लॉटवर गेलो. चार वर्षांनी. कुलूप गंजलं होतं, तेल घालून उघडलं.

कुंपणाच्या कोपऱ्यात तरवड माझ्या डोक्याच्या वर गेलाय. नुसता पिवळा झालाय. मी पिशवी घेऊन उभा राहिलो आणि एकही फूल न तोडता परत आलो. आईला सांगितलं, बस चुकली.

आता खरं लिहितो. तुझ्या लग्नानंतरचा तो पहिला दसरा. मी स्कूटरवरून आलो तेव्हा चार बाया आपल्या प्लॉटवर फुलं तोडत होत्या. तू पाठमोरी होतीस, पण मी ओळखलं होतं. ओळखूनच ओरडलो. तुझ्या सासूबाई, मल्लेशच्या आई, किती नरमाईने म्हणाल्या, "पंडग के फूलां हैं साब, हर साल लेते." पंडग म्हणजे सण, हे मला कळत होतं. आणि मी म्हणालो, "तुमारे बाप की जागा है क्या?"

तू वळलीस. टोपलीतली फुलं झाडाच्या बुडाशी ओतलीस आणि सासूचा हात धरून निघून गेलीस.

दुसऱ्या दिवशी मी कोयत्याने तरवड बुडापासून तोडला, तारेचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं. तुझ्या आईने तेव्हा एकच सांगितलं: त्यांच्यात बतकम्माला, त्या फुलांच्या सणाला, रानातली फुलं कोणाच्याही जागेतून आणतात, त्याला चोरी म्हणत नाहीत, आणि सणाला लेकी माहेरी येतात. मी म्हणालो, आपल्याकडे दुसऱ्याच्या बांधावरचं तोडलं की चोरीच. शेतकऱ्याचा पोर आहे मी, बांधाचं भांडण दुधाबरोबर प्यालोय. पण वंदे, राग फुलांचा नव्हताच. तू मला न विचारता लग्न केलंस, आणि त्या बायांत घरच्यासारखी उभी होतीस, त्याचा होता. माझं चुकलं. हे एवढं वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली.

तुझी आई महिन्यातून एकदा कोठीला दातांच्या डॉक्टरकडे जाते. एवढ्या फेऱ्यांत हत्तीचे दातसुद्धा बरे झाले असते. मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे ती कोणाला भेटते. मी फक्त विचारायचो, "दुखणं कसं आहे?" ती म्हणायची, "बरं आहे, आता चालायला लागलंय." तुझ्या पिंकीचा फोटो तांदळाच्या डब्याखाली असतो. आई बाजारात गेली की मी काढून पाहतो. नाक माझ्यावर गेलंय, त्याबद्दल माफी असावी.

प्लॉटसाठी एक बिल्डर चकरा मारतोय. आजूबाजूला चार-चार मजले उठले आहेत. त्याला म्हटलं, तो कोपरा सोडून काय ते बोल. "झाडी के वास्ते?" म्हणून तो हसला. हसू दे.

येत्या रविवारी अमावस्या, तुमचा सण सुरू होतो. त्या दिवशी सकाळी सहापासून मी फाटक उघडून तिथं बसतो. आई डबा घेऊन येईल. विहीणबाईंना मुद्दाम आण. त्यांच्याशी मला दोन शब्द बोलायचे आहेत आणि माझी हिंदी तेवढ्यापुरती पुरेल. खालच्या फांद्यांची फुलं तोडू नका, ती पिंकीच्या हाताला येतात.

तू नाही आलीस तर मी रागावणार नाही. संध्याकाळपर्यंत बसेन आणि घरी येईन. पण आलीस, आणि रस्त्यात कोणी हटकलंच की ही जागा कोणाची, तर सांग, माझ्या बापाची आहे.

फाटकाशी वाट पाहणारा,
तुझा बाबा