एक इयत्ता कमी

२ मे

उन्हाळी वर्ग नावाचा छळ आजपासून सुरू. माझा छळ, त्यांचा नव्हे! सकाळी सातला तिघी दारात हजर. तिघींनाही वकिलीच्या कॉलेजची प्रवेशपरीक्षा द्यायची आहे, अकरा जूनला. त्यातलं इंग्रजी माझ्या गळ्यात पडलं, कारण खालच्या मजल्यावरची शिंपीण म्हणाली, मावशी, तुमच्याइतकं फाडफाड इंग्रजी अख्ख्या गल्लीत कोण बोलतं. स्तुतीला मी भुलते. वय सदुसष्ट, अक्कल सतरा.

पहिली सारखी ‘हो मिस’ म्हणते. समजलं नाही तरी हो मिस. दुसरी जांभया देते, हात तोंडावर न ठेवता. तिसरी शिंपिणीची मुलगी. तिला जन्मापासून दिसत नाही. तिचं नाव मी वकिलीणबाई ठेवलं आहे, कारण वाद घातल्याशिवाय ती पाणीही पीत नाही. मला ‘मिसआजी’ म्हणते. म्हटलं, मिस म्हण नाहीतर आजी म्हण. तर म्हणे, दोन्ही आहात, मग एक का सोडू?

७ मे

वकिलीणबाईबरोबर तिची मामेबहीण येते. दहावीतली, गोड पोर. परीक्षेत तीच हिची लेखनिक: प्रश्न वाचून दाखवायचे, ही उत्तर सांगेल तो गोळा काळा करायचा. दोघींचा सराव बघत बसले.

पण प्रश्न काय एकेक! नियम असा दिलेला: ज्याच्यावर जबाबदारी सोपवलेली नाही, त्याने मदत केली नाही तर तो गुन्हा नव्हे. घटना अशी: पट्टीचा पोहणारा एक माणूस काठावर उभा आहे, समोर अनोळखी माणूस बुडतो आहे, हा नुसता बघतो. दोषी की निर्दोष?

मी म्हटलं, दोषी! विचारायचं काय त्यात?

वकिलीणबाई शांतपणे म्हणाली, "निर्दोष. मिसआजी, नियम दिलाय तेवढाच लावायचा. आपला राग मधे आणायचा नाही."

असल्या परीक्षेतून वकील होणार आणि मग आम्ही न्याय मागायचा!

१६ मे

हो-मिसने आज पहिल्यांदा ‘नाही मिस’ म्हटलं. प्रगती आहे.

२२ मे

तिघींना शुद्धलेखन घातलं. वकिलीणबाईने तोंडी केलं, एकही चूक नाही. सुरुवातीला मला वाटलं होतं, दिसत नाही म्हणून जरा सांभाळून घ्यावं लागेल. इथे तीच मला सांभाळून घेते. ‘मिसआजी, तुम्ही चिडलात की श्वास आधी घेता, मग मी सावध होते.’

चौतीस वर्षं स्टेनो होते मी. साहेब सांगत, मी लिहून घेई, आणि टाइप करताना त्यांचं इंग्रजी गुपचूप दुरुस्त करी. एकाही साहेबाला कधी कळलं नाही. आपण किती छान बोलतो, असंच वाटत राहिलं सगळ्यांना.

२८ मे

मामेबहिणीला कांजिण्या! अंगभर. डॉक्टर म्हणतात तीन आठवडे घर सोडायचं नाही. परीक्षा चौदा दिवसांवर.

लेखनिक बदलायची शेवटची तारीख पाच जून. शिंपीण मशीन बंद ठेवून दिवसभर वणवण फिरली. नियमपत्रकात चौकट करून छापलंय: ‘लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा किमान एक इयत्ता कमी असावे.’ म्हणजे बारावी पास झालेलं कोणी चालणार नाही. आणि इंग्रजी तर अडखळता वाचता आलं पाहिजे— छे, न अडखळता! माझंच डोकं ठिकाणावर नाही.

३० मे

कोणी नाही. शाळकरी पोरं सुट्टीला गेलीत. जी आहेत, त्यांना पानभर इंग्रजी वाचता येत नाही.

३१ मे

दुपारी शिंपीण आली. गळ्यात मोजमापाची टेप तशीच. यंदा हुकलं तर मुलगी पुन्हा बसणार नाही म्हणते, असं सांगितलं. पोर तिला म्हणाली होती, दर वर्षी कुणाच्या तरी कांजिण्यांवर माझं भविष्य ठेवायचं का?

उठताना शिंपीण म्हणाली, मावशी, तुम्ही इतक्या शिकलेल्या नसतात तर तुमच्याच पाया पडले असते.

मी म्हटलं, हो ना, काय करणार.

हो ना, काय करणार! ही माझी जीभ. एरवी तलवार.

१ जून

लिहून टाकते. कागदाला तरी खरं कळू दे.

मी बी.ए. नाही. मी बारावी नापास आहे. गणितात शंभरपैकी एकोणीस. कॉन्व्हेंटच्या सिस्टरने गुणपत्रक हातात देताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढे शॉर्टहँड शिकले, नोकरी लागली. कचेरीला दहावी आणि वेग पुरत होता. लग्न ठरताना वडिलांनी ठोकून दिलं, मुलगी बी.ए. आहे. मी गप्प बसले. ह्यांनी कौतुकाने दारावर पितळी पाटी लावली, माझ्या नावापुढे उठावाच्या अक्षरांत बी.ए. ते गेले त्यालाही आता नऊ वर्षं झाली. ती पाटी मी दर रविवारी घासते. झाकली मूठ, आणि वर पॉलिश.

नियम काय सांगतो? माझ्यावर जबाबदारी कोणी सोपवलेली नाही. काठावर उभी राहिले तर निर्दोष.

मला नाही व्हायचं असलं निर्दोष!

२ जून

सकाळी हो-मिस आणि जांभई गेल्यावर वकिलीणबाईला थांबवलं आणि एका दमात सांगितलं. तिने दाराकडे तोंड वळवलं.

"पण दारावर बी.ए. आहे. मी रोज हात लावून आत येते."

खोटं आहे ते, म्हटलं.

मग ती ताठ बसली आणि सरावाच्या प्रश्नासारखं बोलायला लागली. "नियम: शिक्षण कमी हवं. घटना: कमी आहे. म्हणून तुम्ही पात्र. खोटं बोललात तो वेगळा खटला. तो परीक्षेनंतर चालवू."

मला रडू आलं. श्वास आधी घेतला गेला असणार, कारण तिने हात पुढे केला तो बरोबर माझ्या मनगटावर आला.

३ जून

परीक्षा कार्यालय. शिंपिणीला रात्रीच सगळं सांगितलं होतं, तीही बरोबर. खिडकीमागे कारकून, चष्मा टकलावर चढवलेला. मी अर्ज सरकवला. त्याने वाचला, मला पाहिलं, पुन्हा वाचला. अर्जात त्याच्याच छापील इंग्रजीतल्या दोन चुका मी लाल शाईने दुरुस्त केल्या होत्या. सवय!

म्हणाला, मॅडम, तुम्ही आणि बारावी नापास? चेष्टा करू नका. जास्त शिकलेली माणसं कमी शिकल्याचं सांगून आत घुसतात, म्हणूनच तर नियम आहे. पुरावा लागेल.

पुरावा! एकोणपन्नास वर्षं ट्रंकेच्या तळाशी, कागदाच्या अस्तराखाली दडवलेला पुरावा पर्समध्येच होता. काढला, उलगडला आणि खिडकीच्या काचेवर थापटला. मागच्या रांगेतले लोक वाकून बघायला लागले. म्हटलं, बघा, नीट बघा. एकोणीस. खाली लाल रेघ. शिक्का. सही.

कारकुनाने चष्मा खाली घेतला. वाचून म्हणाला, हो, खरंच नापास आहात.

माझ्या नापासाचा इतका रुबाब आजवर झाला नव्हता! शिक्का बसला: ‘लेखनिक म्हणून मान्य.’ शिंपीण जिन्यातच पदर तोंडात धरून हसली की रडली, तिचं तिला माहीत.

संध्याकाळी पाटी उतरवली. चारही स्क्रू गंजले होते. भिंतीवर पांढरा चौकोन उरला आहे. बरा दिसतो.

४ जून

दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी लेकीला फोन केला. ती प्राध्यापक, मोठ्या शहरात असते. हसेल असं वाटलं होतं.

हसली नाही. म्हणाली, "बारावीला मला गणितात बेचाळीस पडले, तेव्हा तू आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस."

आणि फोन ठेवला.

खरं आहे. आठ नव्हे, नऊ दिवस. मी मोजले होते.

५ जून

काही लिहावंसं वाटत नाही. सराव केला. तीन तास.

८ जून

लेखनिकाला उत्तर बदलता येत नाही, सुचवता येत नाही, खाकरतासुद्धा येत नाही. वकिलीणबाई मुद्दाम चुकीचं उत्तर सांगते आणि मी काय करते ते ऐकते. आज सात वेळा जीभ चावली. दोनदा ‘अगं पण’ निघालंच. म्हणते, मिसआजी, अशाने आपल्या दोघींना बाहेर काढतील. घरी जाऊन गप्प बसण्याचा अभ्यास करा.

हा अभ्यास मला कुठल्याच सिस्टरने दिला नव्हता.

११ जून

झाली परीक्षा!

आम्हाला वेगळी खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर पुढे धावणारं घड्याळ. पर्यवेक्षक बाई तरुण होती. उतारा वाचायला लागले तशी म्हणाली, मॅडम, सपाट वाचा, आवाजातून उत्तर कळतं. सपाट! कॉन्व्हेंटमध्ये वक्तृत्वाची ढाल मिळवलेल्या बाईला म्हणे सपाट वाचा! वाचलं. रेल्वे स्टेशनवर घोषणा करतात तसं वाचलं.

शेहेचाळिसावा प्रश्न. नगरपालिकेच्या कारभारावरचा इंग्रजी उतारा. ‘आमचे रस्ते इतके प्रशस्त आहेत की खड्ड्यांनाही स्वतंत्र घर मिळाले आहे’, असलं काहीतरी. लेखकाचा सूर कोणता? संताप, उपहास, खेद, अलिप्तपणा. माझ्या मते उघड संताप. मला तर वाचतानाच संताप आला होता. ती म्हणाली, "बी. उपहास."

पेन थांबलं. इतक्या साध्या प्रश्नाला ही चुकते? इंग्रजी माझं, चौतीस वर्षांचं! साहेबांचं वाक्य असतं तर केव्हाच दुरुस्त झालं असतं. पर्यवेक्षक बघत होती. घड्याळ पुढे धावत होतं. मी बी काळा केला. असा काळा केला की कागद मागून उठला.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, शेहेचाळीसला तुम्ही थांबलात ना? पेनाचा आवाज बंद झाला होता. मी म्हटलं, शाई बघत होते. ती म्हणाली, हे दुसरं खोटं, खटल्यात जोडते.

१९ जून

उत्तरं जाहीर झाली. तिघी इथेच जमल्या. हो-मिसने मोठ्याने वाचली.

शेहेचाळीस: बी. उपहास!

मी चुकले होते. लेखणी माझ्या मर्जीने चालली असती तर त्या पोरीचा गुण मीच खाल्ला असता. सदुसष्ट वर्षांत चूक ठरल्याचा इतका आनंद मला कधी झाला नाही. उठून तिघींना लिंबू सरबत केलं आणि जांभईला हात तोंडावर न ठेवल्याबद्दल काही बोलले नाही.

वकिलीणबाई एवढंच म्हणाली, मिसआजी, तुम्हाला सगळ्यांच्या बोलण्यात रागच ऐकू येतो.

२ जुलै

निकाल. वकिलीणबाई पहिल्याच यादीत! हो-मिस दुसऱ्या यादीत. जांभईचं हुकलं, पण ती म्हणते पुढच्या वर्षी जागी राहून देईन. शिंपिणीने दुकानाच्या दारावर खडूने लिहिलं, ‘आज बंद. मुलगी वकील होणार.’ ‘वकील’चा ‘की’ दीर्घ बरोबर काढला होता. मी जाऊन तपासला.

५ जुलै

लेक आली. न कळवता. दारात उभी राहून आधी भिंतीवरचा पांढरा चौकोन पाहत राहिली. मग आत येऊन बॅग ठेवली आणि माझं गुणपत्रक मागितलं. बराच वेळ पाहिलं. मी म्हटलं, तुझ्याशी बोलले नाही, कारण तुझ्या बेचाळीसात मला माझे एकोणीस दिसले. चुकलं माझं.

ती म्हणाली, "आई, एकोणीस म्हणजे फारच वाईट गं."

आणि आम्ही दोघी हसत सुटलो, पोट धरून, वेड्यासारख्या.

जाताना टेबलावर फॉर्म ठेवून गेली. बारावी, बाहेरून परीक्षा. गणित सोडून दुसरा विषय घेता येतो म्हणे आता. पुढच्या सोमवारी शेवटची तारीख. नाव, पत्ता, जन्मतारीख भरून झालं. अक्षर झकास आलंय.

९ जुलै

परीक्षा कार्यालयातून त्या टकलावर चष्मा चढवणाऱ्या कारकुनाचा फोन. येत्या परीक्षांना न दिसणारी सात मुलं आहेत, लेखनिक एकही नाही. इंग्रजी उत्तम वाचणारं आणि बारावी पास नसलेलं माणूस त्यांच्या यादीत एकच आहे.

फॉर्म फाडला. पास झाले तर बाद होईन!