आरोपीचा मित्र

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

जितेश आला! अकरा वर्षांनी. मी केळीला पाणी सोडत होतो. कुंपणापाशी उभा राहून म्हणाला, "सायब, वळखलं का?" नाही ओळखलं. पलटणीतलं ते पोर आडदांड होतं, हा वाळून काटकी झालेला. मग उजवा हात दिसला. तीन बोटं अजून सरळ होत नाहीत.

बायकोने, सेलिनने, चहा दिला, तो डाव्या हातानं प्याला. गावी, चांदीपला, भात लावतो म्हणे. फौजेतून का आलास असं गावात कुणी विचारलं की उठून जातो. बडतर्फ — हा शिक्का! तो पुसायला मुंबईच्या लष्करी न्यायाधिकरणात केस टाकली आहे. "तुमी माझे मित्र व्हते ना सायब. तुमचीच साक्ष पायजे."

मित्र! कोर्टमार्शलमध्ये आरोपीशेजारी एक माणूस बसवतात, नियमात त्याला नावच तसं आहे — आरोपीचा मित्र. "मार्सेल, तुमच्या तालुक्यातला आहे, तुम्हीच बसा," म्हणून पलटणीच्या प्रमुखांनी, सी.ओ. साहेबांनी, मला बसवलं होतं. हो म्हणालो त्याला. दुसरं काय म्हणणार?

४ फेब्रुवारी

सेलिनवर उगाच खेकसलो. बशी भिंतीवर फोडली.

६ फेब्रुवारी

जितेशची वकील आली, ज्युली. तिशीची असेल, पण कायदा तोंडपाठ. "अंकल, झालं तसं सांगा."

सांगितलं. अधिकाऱ्याच्या घरची भांडी घासायला जितेश नाही म्हणाला. हवालदाराने त्याला बुटानं तुडवलं. जितेशने उलट एकच ठोसा दिला, हवालदाराचे दोन दात पडले. वरिष्ठावर हात उचलला, गुन्हा झाला. पण त्याआधीचे बूट आणि ती भांडी जितेशला कोर्टात सांगायची होती, आणि ते कुणालाच नको होतं. म्हणून सुनावणीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, कोठडीत त्याची कंबल परेड झाली. डोक्यावरून घोंगडी टाकायची, आवळायची, मग सगळ्यांनी मिळून मारायचं — काठीनं, पट्ट्याच्या बकलानं. आतल्याला दिसत नाही कोण मारतंय. घोंगडी उचलली तेव्हा ती रक्तानं जड झाली होती.

दुसऱ्या दिवशी खटला वीस मिनिटांत उरकला. न्यायाधीश सी.ओ. साहेबच. "गुन्हा कबूल?" जितेश म्हणाला, "नाही, साब." साहेबांनी लिहिलं — कबूल. त्याखाली आरोपीची सही लागते. ती नाही. हात कुठे शाबूत होता सही करायला! तीन महिने तुरुंग आणि बडतर्फी.

"आणि तुम्ही?" ज्युलीने विचारलं.

गप्प बसलो होतो, म्हणालो.

"पलटण म्हणते कबुली दिली, फक्त सही करायला नकार दिला. तो 'नाही' म्हणाला हे ऐकलेले त्याच्या बाजूचे तुम्ही एकटेच. तुम्ही शपथेवर सांगितलंत तर शिक्षा रद्द होऊ शकते. मारणारे कोण ते माहीत आहे?"

चार नावं सांगितली.

९ फेब्रुवारी, रविवार

चर्चमधून, मिस्साहून आलो तर वाडीत गाडी घुसलेली! कळंबच्या किनाऱ्यावरच्या कॉटेजवर निघालेली पोरं. कुंपण मोडून थेट वांग्याच्या वाफ्यात, हातात बाटल्या, एकजण विहिरीवर मुततोय. डोकंच फिरलं. बांबू उचलला. एकाच्या पाठीत घातला, दुसऱ्याच्या नडगीवर. तिसरा चिखलात पडला, त्याने हात जोडले — आणि मी नेम धरला तो बोटांवर! पाठ नाही, पाय नाही, बोटंच. सेलिनने मागून कमरेला मिठी मारली नसती तर मोडलीच असती. पोरं गाडी घेऊन पळाली.

१० फेब्रुवारी

लिहूनच टाकतो. कोठडीत मारणारे चौघं नव्हते. आम्ही पाच होतो.

सुभेदार मेजर म्हणाले होते, "तुमचं पोरगं, तुम्हीच समजवा." हुकूम होता, असं अकरा वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं! राग होता. माझ्याच तालुक्यातलं पोर पलटणीत माझं नाक कापतंय, हा राग. त्याचा हात घोंगडीतून बाहेर आला, चाचपडत होता. त्यावर मी काठी मारली. तीनदा. हाडं मोडली ती ऐकू आली आणि मला बरं वाटलं. हे बरं वाटणं फादरपुढे पापं कबूल करताना, कुमसारातही कधी सांगितलं नाही.

तासाभराने मीच त्याला पाणी पाजायला गेलो. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला तो.

१३ फेब्रुवारी

सेलिनला सांगितलं. कोळंबी सोलत होती, सोलतच राहिली. मग म्हणाली, "आणि त्याच हातावर कम्युनियनचा प्रसाद घेत होतास?" जेवण झाकून ठेवलं होतं, ते मी एकटाच जेवलो.

१७ फेब्रुवारी

ज्युलीला प्रतिज्ञापत्राचा मसुदा दिला. नावं पाच. पाचवं माझं, सुभेदार या हुद्द्यासकट. वाचून ती म्हणाली, "अंकल, हे तुमच्या अंगाशी येईल." येऊ दे! "जितेशला दाखवावं लागेल." दाखव, म्हटलं. घरी येताना पाय हलके झाले होते. आता काय व्हायचं ते होवो.

२० फेब्रुवारी

जितेश आला, मसुदा घेऊन. अंगणातच डाव्या हातानं थोबाडीत दिली, दोनदा. ओठ फुटला. म्हणाला, "मला तवाच कळलेलं, सायब. चौघं शिव्या देत व्हते, पाचवा गपच मारत व्हता. माझ्यापुढं तोंड गप ठेवायची गरज तुमालाच व्हती." मग कागद पुढे केला. "पाचवं नाव खोडा. मला साक्षीला सुभेदार पायजे, गुन्हेगार नको. कोर्टात माझे मित्र म्हनूनच उभे राहा."

खोडलं.