ताईसमोरून गेलेलं ताट

पप्पा, तुमचं पवित्र शास्त्र आज पुन्हा उघडलं. कुणाच्या पंगतीला बसू नये, त्या पौलाच्या पत्रातल्या यादीत एकाच शब्दाखाली तुमच्या लाल पेन्सिलीची रेघ आहे, जारकर्मी. आठ दिवस मी तोच शब्द घेऊन बसलोय आणि तुमच्यावरचा राग काही उतरत नाही. ताई अंबाजोगाईच्या दवाखान्यात आहे. आता फार दिवस नाहीत म्हणतात. तिनं प्रभुभोजन मागितलंय, प्रभूच्या नावानं वाटतात तो भाकरीचा तुकडा. तुम्ही वारल्यावर आलेले नवे पाळक तयार आहेत, पण मंडळीचे पंच म्हणतात, तिचं प्रभुभोजन तुम्ही बंद केलं होतं, तेव्हा उद्याच्या सभेत तुमच्या मुलानंच काय ते सांगावं.

चौसाळ्याचा तो रविवार. नवऱ्याच्या माराला कंटाळून ताई परळीत दुसऱ्या माणसाच्या घरी राहायला गेली, त्याला वर्ष झालेलं. बायकांच्या सतरंजीवर ती हात पुढं करून बसते. तुम्ही हळूच म्हणता, "तुला न्हाई." "कावून, पप्पा?" "शास्त्रात जारकर्म लिहिलंय." ती पुरुषांच्या रांगेकडं बघते. तिथं तिचा नवरा बसलाय. "आन् त्यो? त्याच्या तोंडाचा वास हितवर येतोय. त्याला दोन तुकडे द्या." मागं कुणीतरी हसलं. तुम्ही पुढं सरकलात आणि त्याला भाकर दिलीत.

पप्पा, त्याच यादीत दारुडा आहे, लोभी आहे, शिवीगाळ करणारा आहे. त्यांच्याही पंगतीला बसू नका असंच तिथं म्हटलंय. त्यांच्याखाली रेघ का नाही? पौलासमोर तेव्हा बापाची बायको ठेवून घेणारा माणूस होता, आणि त्याचं कौतुक करणारी मंडळी होती. पुढं तो वेश्येकडं जाणाऱ्यांना बोलतो. शब्द मोठा आहे, लग्नाबाहेरचं बरंच काही त्यात येतं. ताईचंही येत असेल, मी काही पाळक नाही. पण मार खाऊन निघालेल्या बाईला तो लावताना तुम्ही एकदाही अडखळला नाहीत, हे मला सोसत नाही.

उद्या मी हो म्हणणार आहे. दवाखान्यात मात्र पाळकांनी एकट्यानंच जावं, मला शाळेत काम आहे, असं सांगितलं. शाळेला सुट्टी आहे. हे पत्र त्याच पानात ठेवतोय. त्या रविवारी भाकर तुम्ही वाटत होतात, पण ताट माझ्या हातात होतं. तुम्ही पुढं गेलात तरी तिचा हात तसाच होता, माझ्यासमोर. तुमची पाठ आमच्याकडं होती. एक तुकडा दिला असता तर तुम्हाला कळलंही नसतं.