समजा, एक पत्र्याचं घर

प्रिय अस्मू,

जय भीम. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझं राहून जातं, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. अक्षर लावून घे, आठवीनंतर पेन कुठं धरलाय मी.

इथं मोरबीत टाइल्सच्या भट्टीवर बारा-बारा तास. अंग आता दुखत नाही, नुसतं जड झालंय. वर्षातलं हे तिसरं काम. हेही सोडावंसं वाटतं, पण सोडून जायचं कुठं, याचाच कंटाळा येतो. दिवाळीत तुझ्या मोबाईलची काच फुटली तेव्हा माझ्या मोबाईलवर तू कॉलेजचं अकाउंट उघडलंस, ते तसंच राहिलं. बंद करणार होतो. पण जेवणाच्या सुट्टीत तुमच्या फिजिक्सच्या ग्रुपवरची चर्चा वाचायचा चस्का लागला.

तुमचे सर पण भारी. पत्र्याचं घर, मे महिन्याची दुपार, विजेशिवाय आतली गरमी पाच डिग्री कमी करा, म्हणाले, आणि बाकी आकडा एकपण दिला नाही. सोनिया लगेच, ‘सर, पत्र्याची जाडी दिली नाही, सोडवायचं कसं?’ सर म्हणाले, तुम्हीच धरा. जयदेवनं कुठूनतरी उचलून दोन पानं इंग्रजी चिकटवलं. सुजित म्हणतो, ‘सासुरवाडीला जा, तिकडे एसी आहे.’ हसलो मी. तीन दिवस नुसती सूत्रं फेकत होते, एकाचं दुसऱ्याला जुळेना. पत्र्याखाली दुपार काढलेलं त्यात कुणीच नव्हतं.

तू सोडून. आणि तू काय लिहिलंस? ‘समजा, एक पत्र्याचं घर आहे. आत तीन माणसं राहतात असं धरू.’ बुवापाड्यात आपल्याच पत्र्याखाली मानेवर ओला टॉवेल टाकून बसली असशील, आणि समजा! वर्गात तू आपण कात्रपला फ्लॅटमध्ये राहतो असं सांगितलंयस, हे आईनं मला सांगितलं. ते खोटं निघालं तर या पोरांत तोंड दाखवता येणार नाही, ही तुझी धास्ती. मला राग नाही आला. मीपण इथं बिल्डिंगमध्ये राहतो म्हणूनच सांगतो.

आई म्हणाली, तू दोन दिवस कॉलेजला गेली नाहीस. अकाउंट कुणी हॅक केलं म्हणून रडलीस. अस्मू, तो मी होतो. तुझ्या नावानं मी लिहिलं की समजा नाही, माझंच घर पत्र्याचं आहे, बुवापाड्यात. आई पत्र्याखाली वीतभर जागा सोडून जुन्या साड्या ताणून बांधते, दोन्हीकडून वारा जायला फट ठेवते, तेव्हा दुपारी घरात बसवतं. विचारायला हवं होतं, नाही विचारलं. आता सर म्हणतात, हे पहिलं खरं निरीक्षण, रविवारी थर्मामीटर घेऊन घरी येऊ का? सोनियानं तर ‘मी येते’ लिहिलंय. त्याला उत्तर मी देणार नाही. अकाउंट माझ्याकडून बंद केलंय. नको असेल तर माझा मेसेज काढून टाक, भावानं चावटपणा केला म्हण. सरांना मीच फोन करून माफी मागतो. पण बोलावणार असशील तर आईला रविवारपर्यंत कळू देऊ नकोस. पाहुणे येणार म्हणून ती सगळ्या साड्या सोडून धुवायला टाकेल, मग मोजाल काय?

तुझाच आगाऊ दादा,
मुकेश