चिठ्ठीवरचा दुसरा नंबर

रवि. ११ जाने.
विहारात वधूवर मेळावा. स्टेजवर येऊन एकेकाने ओळख करून द्यायची, खाली बसलेल्यांनी आवडलेले नंबर चिठ्ठीवर लिहून द्यायचे. गायकवाडकाका वीस वर्षं हे सगळं रजिस्टरवर करतात. मी माइकवरून म्हणालो, "काका, रजिस्टरला आता रिटायर करा!" लोक हसले. काकाही हसले.

सोम. १२
ऑफिसातून येऊन पायथनमध्ये तासाभरात प्रोग्रॅम. नंबर टाइप करा, लिस्टमधलं नाव बाहेर. कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो म्हणून प्रत्येक नंबरातून एक वजा. नवशिके हे विसरतात, आपण नाही! काकांनी चिठ्ठ्या वाचल्या, मी टाइप केल्या. यादी छापून दिली.

रवि. १८
यादीप्रमाणे हडपसरला सुजाताला बघायला लोणी काळभोरची मंडळी. ती शाळेत शिकवते, छत्तीस वर्षांची. तिची आई म्हणाली, दोन वर्षांत हे पहिलेच पाहुणे. काका आणि मी मध्यस्थ. सुजाता पोहे घेऊन आली आणि मुलाची आत्या मोठ्यानं, "ही न्हाय वो! आमी लिवलेली दुसरी हाय, चष्मावाली."
ट्रे तसाच तिच्या हातात. कुणी घेईना.
येताना काका, "माझीच नजर. नंबर वाचताना चुकलो असेन."
मी म्हणालो, "असू दे हो काका." केवढं मोठं मन माझं.

मंगळ. २०
ती चिठ्ठी काढली. १२, ४०. अक्षर स्वच्छ. काकांनी बरोबर वाचलं होतं.
मीच माती खाल्ली. एका चिठ्ठीत नाव दोनदा येऊ नये म्हणून निवडलेलं नाव त्या चिठ्ठीपुरतं लिस्टमधून काढून टाकत होतो. १२ गेला की खालचे सगळे एक जागा वर. चाळिसाव्या जागी ४१. सुजाता. तपासताना एकेकच नंबर टाकून बघितला होता, कशाला चुकतोय. लिस्टला हात न लावता नुसत्या जागा लक्षात ठेवायच्या. दोन ओळींचं काम. शी!
काकांना फोन लावला. उचलायच्या आत कट केला.

शनि. २४
मेळाव्याच्या समितीची मीटिंग. "वय झालं, काकांना आता विश्रांती द्या." आणि मला, "तू होतास म्हणून बाकीचं नीट पार पडलं." एक लग्न जमलंसुद्धा. मुलगा म्हणे, स्टेजवर वेगळी वाटली होती, पण ही पसंत आहे. सगळे हसले.
मी चहा पीत होतो. पीतच राहिलो. काकांनी रजिस्टर पिशवीत घातलं.

रवि. २५
काका म्हणाले, सुजाताची माफी मागायचीय, गाडीवरून ने. तिथे ते हात जोडून उभे, मी मागे हेल्मेट धरून. सांगायचं ठरवून गेलो होतो...
ती म्हणाली, "काका, चुका होतात. फक्त एक खरं सांगा. माझा नंबर कुणी लिहिला तरी होता का?"
काका माझ्याकडे बघायला लागले. "बघून सांगतो," म्हणालो.
घरी येऊन प्रोग्रॅम दुरुस्त केला. सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा घातल्या.
४१ एकाच चिठ्ठीवर. ९, ४१. ९ गेला की ४१च्या जागी ४२, मी त्या मुलाला तीच दाखवली. लग्न जमलं ते हेच.
आत्ता तिचा मेसेज, "बघितलंत का, दादा?"
उघडला मी. वाचल्याचं तिला दिसलं असणार.