दशमीच्या दशम्या

दादा, परवा एका लग्नाच्या पंगतीत तुमची गोष्ट पुन्हा निघाली. "पावण्यांचा माणूस दशमी सांगायला आला, तर मास्तरला वाटलं भाकरी मागून राह्यला!" सगळी पंगत हसली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, निजामाचं राज्य गेलं, गावात वीज आली, तरी ही गोष्ट काही शिळी होत नाही. माझी मुलगी शेजारीच बसली होती. तिनं हळूच विचारलं, "आजोबा खरंच इतके भोळे होते का गं?" मी पानातला भात कालवत राहिले. तिला उत्तर द्यायच्या आधी ते तुम्हालाच लिहावंसं वाटलं.

मी बारा वर्षांची होते. तुम्ही सरकारी शाळेत मुलांना उर्दूतून हिशेब शिकवायचात आणि संध्याकाळी ओसरीवर मला मराठी. मला जालन्याला मामाकडं ठेवून पुढं शिकवायचं तुमच्या मनात होतं, आत्याबाईच्या मनात माझं लग्न. मुलाकडचे एकदा बघून गेले की सुपारी फुटणार, हे ठरल्यातच जमा होतं. आत्याबाई तुमची थोरली बहीण. तुमची आई गेल्यावर तिनंच तुम्हाला वाढवलं, आणि विधवा होऊन माहेरी आल्यावर घर तिच्याच शब्दावर चालायचं. तिला उलटून बोललेलं मी तुम्हाला कधीच ऐकलं नाही.

कार्तिकातली नवमी होती. दिवेलागणीला मुलाकडचा माणूस आला. मी त्याला पाणी दिलं. पायरीशी उभ्या उभ्याच तो म्हणाला, "उद्या दशमीला पावणे येतेत, मास्तर. घरी ऱ्हावा." तुम्ही "बराबर" म्हणालात. तो गेला आणि आतून आत्याबाईचा आवाज आला, "कोण आल्तं रे? दशमी का काय म्हणत व्हतं?" तुम्ही माझ्या हातातल्या रिकाम्या तांब्याकडं बघत उभे. मी तुमच्याकडं बघतेय. "वाटसरू व्हता, आक्का. पाणी पिऊन गेला," तुम्ही म्हणालात, आणि जरा थांबून, "दशमी न्हाई, दशम्या. उद्या समदे पूर्णेवर जाऊ म्हणतो. कार्तिकाची अंघोळ हुईल तुझी. हिला दशम्या करायला सांगत व्हतो." आई चुलीपुढं होती, तिला तुम्ही काहीही सांगितलेलं नव्हतं. तिनं एकदा वळून पाहिलं आणि दुधाचं पातेलं जवळ ओढलं. दुधात पीठ मळून केलेल्या त्या भाकरी वाटेला बऱ्या, दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. तिनं दोन वेळचं पीठ घेतलं, हे मला तेव्हाच दिसलं.

शेजाऱ्याचा छकडा मागून आणलात आणि तांबडं फुटताना निघालो. बैल तुमचं ऐकत नव्हते. "शाळंतल्या पोरांला हाकता तसं हाका की," आई म्हणाली, तेव्हा आत्याबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसांवर दव होतं. केदारखेड्याजवळ पूर्णा आली. पाणी इतकं नितळ, की तळाची वाळू सरकताना दिसत होती. आत्याबाईनं अंघोळ केली, सूर्याला अर्घ्य दिलं आणि मग, जी बाई घरात कधी टेकलेली मी पाहिली नव्हती, ती काळ्या खडकावर पाय पाण्यात सोडून बसली. तुम्ही धोतर खोचून मला हाताला धरून पलीकडच्या काठापर्यंत नेलंत. दशम्या, दही, शेंगदाण्याची चटणी. असा निवांत दिवस आपल्या घराला माहीत नव्हता. पण मी मनात धास्तावलेली. आता पाहुणे निघाले असतील, आता वेशीत आले असतील. आपण लवकर परतलो, तर वाटेतच गाठ पडेल.

आणि आत्याबाई उठलीच. "चला, ऊन कलायच्या आत घर गाठू."

"आक्का, इथवर आलोच तर राजूरच्या गणपतीला जाऊन येऊ की," तुम्ही म्हणालात.

"तू कवाधरनं देवाचा झाला रे? गणेशचतुर्थीला उठवावं लागतं तुला!"

"म्हणून तर म्हणतो. लई वर्षाचं राहून गेलंय."

"आन् खायाचं काय?"

"हायेत की दशम्या," आई गाठोडं बांधता बांधता म्हणाली. आत्याबाई कुणालाही नाही म्हणू शकायची, पण गणपतीला कशी म्हणणार?

राजूरचा डोंगर चढेस्तोवर ऊन सौम्य झालं होतं. आई आणि आत्याबाई गाभाऱ्यात गेल्या. आपण दोघं बाहेर कठड्याशी. उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगरांची निळी रेघ, खाली नुसती शेतं. तुम्ही मला खांद्याला धरून दक्षिणेकडं वळवलंत. "तिकडं जालना. दिसत न्हाई इथून, पण हाय." आपल्या आक्काशी खोटं बोललेला माणूस देवाच्या दारात उभा होता, दादा, आणि तरी मागं फिरत नव्हता. मी म्हटलं, "दादा, आता घरी गेलं तर चालंल का?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग तुम्ही हसलात. "आता चालंल."

दुसऱ्या दिवशी एकादशी. उपाशीपोटी आत्याबाई कडाडली. शेजारणीकडून तिला सगळं कळलं होतं: आदल्या दिवशी निरोपाप्रमाणे पाहुणे आले, बंद दार बघून अर्धा दिवस पारावर बसले आणि गावाला ऐकवून गेले, की अशा घरची सून आम्हाला नको. "निरोप्याला वाटसरू म्हणतोस?" तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "दशमी दशमी करत व्हता, आक्का. मला वाटलं भुकेला हाय, भाकरी मागतो."

"मंग दिली का न्हाई?"

"घरात नव्हत्या. म्हणून तर करायला सांगितल्या."

आत्याबाईनं कपाळावर हात मारून घेतला. शेजारपाजार हसला. तेव्हापासून गावाला खेळ झाला. "मास्तर, उद्या दशमी हाय, खायची न्हाई बरं का!" शाळेतली पोरंसुद्धा म्हणायची. पंचांग तोंडपाठ असलेला माणूस तुम्ही. एक शब्द बोलला असतात तर हसणं थांबलं असतं, पण मग आत्याबाईला आपल्या हातानं वाढवलेल्या भावानं फसवलं, असं झालं असतं. तुम्ही वेडे ठरलात, आणि मी पुढच्या जूनला जालन्याला गेले. मामाच्या घरातून शाळेला निघताना कितीदा वाटायचं, की माझ्या पाटी-दप्तराचं मोल तिकडं गावात कुणीतरी रोज स्वतःचं हसं करून घेऊन चुकवतोय. शूर माणसं मी पुढं पुष्कळ पाहिली. चारचौघांत मूर्ख ठरायला तयार असलेला शूर एकच पाहिला.

मुलीला मी सांगेन. हा कागद मात्र कुठं धाडायचा नाही, म्हणून आणखी एक लिहिते, आईलासुद्धा न बोललेलं. त्या दिवशी डोंगर उतरताना माझा जीव हलका झाला होता, लग्न मला बिलकुल नको होतं. तरी मनात येत होतं, की तो मुलगा एकदा नजरेला पडला असता तर बरं झालं असतं. तुम्ही आधी त्यांच्या गावी जाऊन आला होतात ना, दादा? कसा होता हो दिसायला?