तुरेरावच्या पायातली बांगडी

प्रिय दादा,

हे पत्र तुझ्याऐवजी दुसऱ्याच कुणी उघडलं असेल, तर त्याने ते मुकाट्याने पाकिटात परत घालावं. पाकिटावर मी 'तुरेराव कोंबडा, डालगंवाडी' असंच लिहिलंय, कारण टीव्हीवरचा तुमचा बाहुल्यांचा कार्यक्रम संपताना पडद्यावर मुलांसाठी तोच पत्ता येतो. नवापूरच्या पोस्टातली बाई तो वाचून माझ्याकडे अशी काही बघत राहिली, की पत्र मुलीचं आहे म्हणून मी थाप मारली. आणि तुरेरावच्या आत हात घालणारा माणूस हेमकांत नसून दुसराच कुणी असेल, तर त्याचीही माफी मागते. पण तू तोच आहेस. मला फसवणं आता अवघड आहे.

मी अंडी उबवायच्या कारखान्यात काम करते. अंडं दिव्यासमोर धरायचं आणि आत जीव धरलाय की नाही ते बघायचं, दिवसभर एवढंच. काजलचे बाबा म्हणतात, तू माणसंही अशीच दिव्यासमोर धरतेस. काजल म्हणजे माझी मुलगी, आठ वर्षांची. तुला भाची आहे हे तुला कुठून माहीत असणार! सुरतेहून तुझं एक कार्ड आलं होतं, 'बरा आहे, शोधू नका.' तेवढ्यावर आम्ही एकोणीस वर्षं काढली.

'डालगंवाडी' सुरू झालं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. बाहुल्यांचा कार्यक्रम बघायचं वय नव्हतं, म्हणून आवाज बारीक करून बघायचे. आता त्याला सोळा वर्षं झाली आणि माझ्यासारखे थोराड झालेले चाहते फोनवर गट करून त्यावर वाद घालतात. तुरेराव आधी बरा होता की आता, आवाज बदललाय की आपलेच कान म्हातारे झालेत, असलं काहीबाही. मी तिथे एक अक्षर लिहीत नाही. त्यातला एखादा तूच असशील, असा मला दाट संशय आहे.

पहिली शंका आली ती दाण्यावरून. तुरेराव दाणा टिपण्याआधी मान वाकडी करून विचारतो, "दाणेबाई, येऊ का?" माय गेली त्या वर्षी मी जेवत नव्हते, आठवतंय? तू आप्पांचा जुना मोजा हातात चढवलास, त्याला लाल चिंधीचा तुरा शिवलास आणि तो मोजा प्रत्येक घासाला विचारायचा, "घासबाई, येऊ का?" मी हसले की घास तोंडात. तरी मी मनाची समजूत घातली, म्हटलं असं कुणालाही सुचू शकतं. मग गेल्या दिवाळीत मोठा टीव्ही आला आणि काजल म्हणाली, आई, कोंबड्याने बांगडी घातलीय. मी तोच भाग फोनवर लावला, चित्र थांबवलं, बोटांनी मोठं केलं. डाव्या पायात हिरवी बांगडी, लहान मुलीच्या मापाची, एक सोनेरी टिकली गळालेली. दादा, ती माझी होती. मीच ती आपल्या राजा कोंबड्याच्या पायात घातली होती आणि तू जाताना ती घेऊन गेलास, हे मला त्या दिवशी कळलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तू मला विसरला नव्हतास.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण एकदा शंकेने धरलं की मी बाकीचंही तपासते, आणि तपासता तपासता नाना बोकड सापडला. वाडीतलं प्रत्येक गुपित फोडणारा तो म्हातारा. "सांगितलं कुणी?" असं तुरेरावने विचारलं की महाराष्ट्रभरची पोरं ओरडतात, "नानांनी!" काजलही ओरडते. आप्पा तिच्या शेजारी बसून हसायचे, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायचे. मग महिन्यापूर्वीच्या भागात नानाने दोनदा घसा खाकरला, टोपी मागे सरकवली आणि म्हणाला, "मी काय म्हनस..." आप्पांचं हसू तिथल्या तिथे थांबलं. खाकरणं त्यांचं, टोपी त्यांची, शब्दही त्यांचेच. थोड्या वेळाने ते स्वतःशीच म्हणाले, "त्याले आजून तेच वाटस." मी विचारलं नाही, कुणाला ते. म्हणजे तू तिथे आहेस हे त्यांनाही ठाऊक होतं, कदाचित माझ्याही आधीपासून. दोघं एकाच घरात राहून एकमेकांपासून तुला लपवत होतो.

आता तो दिवस. कोंबड्यांचा रोग आला, आपली शेड रिकामी झाली आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं घरोघरची पाखरं गोळा करत आपल्या ओट्यापर्यंत आली. तू राजाच्या पायातली बांगडी वाजू नये म्हणून काढून घेतलीस, त्याला मागच्या खोलीत कडब्याआड डालग्याखाली झाकलंस आणि मला शपथ घातलीस. अर्ध्या तासात त्यांनी नेमकं तेच डालगं उचललं. तू अंगणात उभा राहून ओरडलास, "सांगितलं कुणी?" आप्पांनी घसा खाकरला, टोपी मागे सारली आणि म्हणाले, "मी सांगं." तिसऱ्या दिवशी सुरतेच्या गाडीत बसलास.

दादा, आप्पांनी नाही सांगितलं. मी सांगितलं. आप्पा दोन दिवस खोकत होते आणि कोंबडीपासून माणसालाही हा रोग होतो असं शाळेत सांगितलं होतं. माय गेली तशी आप्पाही जातील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पांढऱ्या कपड्यांतल्या एका बाईने माझ्या गालाला हात लावून विचारलं, बाळा, आणखी एखादी कोंबडी आहे का गं? मी बोट दाखवलं. आप्पा दारात उभे होते, त्यांनी ते बघितलं. तू ओरडलास तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग तुझ्याकडे. दहा वर्षांच्या पोरीवर तू कायमचा रुसशील आणि बापावरचा राग चार दिवसांत उतरेल, असा त्यांचा हिशेब असावा. तो चुकला आणि मी एकोणीस वर्षं गप्प बसले. आधी भीतीने, नंतर सवयीने. त्या म्हाताऱ्याला सगळी पोरं हसतात, माझी पोरगीसुद्धा, आणि खरी चुगलखोर शेजारी बसून पोळ्या लाटते. हे आता मला सोसत नाही, म्हणून लिहिते आहे. घरी ये असं म्हणायचा मला हक्क नाही. एक कर. पुढच्या एखाद्या भागात "सांगितलं कुणी?" झालं की नानाला गप्प बसू दे आणि डालग्यामागून एक पिल्लू पुढे येऊन "मी" म्हणू दे. तिचं नाव रूपा ठेव. आप्पा हल्ली कार्यक्रमाच्या वेळी बाहेर ओट्यावर जाऊन बसतात, घराकडे पाठ करून. पण जाताना काजलला आवाज मोठा ठेवायला सांगतात. त्यांना ऐकू जाईल.

तुझीच चुगलखोर,
रूपा